पांढरी माशी एक की अनेक? डीएनएवरून प्रजाती ठरवताना काय पाहावं

विदर्भातल्या एका एम.एस्सी. कृषीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: कपाशी, वांगं आणि टोमॅटोवरून गोळा केलेल्या पांढऱ्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसतात. डीएनए तपासल्यावर मात्र काही ‘एशिया १’ निघाल्या, तर काही ‘एशिया २’ गटातल्या (ही डीएनएवरून पाडलेल्या गटांची नावं). गाइड सर म्हणतात, प्रबंधात सगळीकडे बेमिसिया टॅबासी हे एकच शास्त्रीय नाव लिही. मग या एकाच प्रजातीच्या की वेगळ्या? डीएनएतल्या फरकावर किती विसंबायचं? आणि या सगळ्याचा शेतकऱ्याला उपयोग काय?

आधी थेट उत्तर देतो. तुमच्या या माश्या बहुधा वेगवेगळ्या प्रजातींच्याच आहेत. यातल्या बहुतेक प्रजातींना अजून स्वतंत्र शास्त्रीय नावं मिळालेली नाहीत, म्हणून त्या सगळ्या एकाच नावाखाली मोजल्या जातात. प्रबंधात ‘बेमिसिया टॅबासी समूह, एशिया १’ अशा पद्धतीने लिहा. सरांचं म्हणणंही राहील आणि तुम्हाला सापडलेली माहितीही वाया जाणार नाही. ‘बहुधा’ मात्र मी विचार करून म्हणतोय. तुमच्या हातात सध्या एका जनुकाचा एक तुकडा आहे. त्यावरून चौकशी सुरू करता येते, निकाल देता येत नाही. बाकीचं उत्तर मुख्यतः याच मुद्द्याचं आहे.

नुसत्या डोळ्यांनी या माश्या वेगळ्या का करता येत नाहीत, ते पाहू. प्रौढ माशी जेमतेम एक मिलिमीटरची, पंखांवर मेणाची पांढरी भुकटी. तिच्या अंगावर ओळखीच्या खुणा फारशा नसतात. म्हणून पांढऱ्या माशीचं वर्गीकरण परंपरेने पिल्लाच्या शेवटच्या अवस्थेवरून, म्हणजे पानाला चिकटलेल्या कोषावरून करतात. अडचण अशी की या समूहात कोषाचं रूप पानावर अवलंबून असतं. लव असलेल्या पानावर वाढलेल्या कोषाच्या पाठीवर केस येतात. त्याचीच भावंडं गुळगुळीत पानावर वाढली तर ते केस नसतात. त्यामुळे जुन्या अभ्यासकांनी पिकापिकावरच्या माशीला वेगळं नाव दिलं. आपल्याकडच्या कपाशीवरच्या माशीला १९२९ साली मिश्रा आणि लांबा यांनी बेमिसिया गॉसिपिपर्डा म्हटलं होतं. १९५७ मध्ये लुईस रसेल या अमेरिकन संशोधिकेने कोषांचा हा चंचलपणा लक्षात घेऊन अशी अनेक नावं बेमिसिया टॅबासीत विलीन केली. त्या वेळी हाताशी असलेल्या पुराव्यावर तो निर्णय रास्तच होता. रूप पानामुळे बदलतं, म्हणून रूपावरून केलेल्या प्रजाती रद्द. पण त्या एका नावाखाली खरोखरच वेगळ्या असलेल्या प्रजातीही दडपल्या गेल्या, आणि ते कळायला पुढची तीसेक वर्षं जावी लागली.

कळलं ते शेतातून. १९८०च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या पॉइन्सेटिया या शोभेच्या झाडाच्या रोपांवर पांढऱ्या माशीचा प्रचंड उद्रेक झाला. तिथे बेमिसिया टॅबासी आधीही होती, पण ही नवी माशी जास्त पिकांवर जगायची, जास्त अंडी घालायची आणि तिच्या पिल्लांनी रस शोषला की भोपळावर्गीय पिकांची पानं चांदीसारखी पांढुरकी पडायची. १९९१ मध्ये तिने कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात खरबूज आणि हिवाळी भाजीपाला उद्ध्वस्त केला. पेरिंग आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जनुकीय फरक आणि संकराचे प्रयोग यांच्या आधारे ही वेगळी प्रजाती असल्याचं मांडलं. पुढच्याच वर्षी तिला बेमिसिया अर्जेंटिफोलाय असं नावही मिळालं. सगळ्यांनी ते मान्य केलं नाही. पुढे बरीच वर्षं ‘बी बायोटाइप’, ‘क्यू बायोटाइप’ (बायोटाइप म्हणजे एकाच प्रजातीतला वेगळ्या वागणुकीचा प्रकार) अशी इंग्रजी अक्षरांची भाषा चालू राहिली. जुन्या शोधनिबंधांत तुम्हाला हीच नावं भेटतील. बी म्हणजे आजची ‘मीॲम-१’, म्हणजे मध्यपूर्व–आशिया मायनर गटातली पहिली. क्यू म्हणजे भूमध्यसागरी प्रदेशातली ‘मेड’.

२०१० साली डिन्सडेल, डी बारो आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नमुन्यांचे सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या) जनुकाचे क्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या रांगा, एकत्र तपासले. दोन नमुन्यांमधल्या फरकाची टक्केवारी मांडली तर ती सलग पसरलेली नव्हती. मध्ये रिकामी जागा होती, आणि ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्या मापाने २४ प्रजाती निघाल्या. आज हा आकडा ४० च्या वर आहे. भारतात एशिया १, एशिया २ गटातल्या अनेक, मीॲम-१ आणि आणखी काही अशी बरीच विविधता नोंदली गेली आहे, त्यामुळे तुम्हाला एकाच तालुक्यात दोन प्रकार मिळाले यात आश्चर्य काही नाही.

साडेतीन टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती? तुलनेसाठी सीओआयची साधारण ६५७ अक्षरं वापरतात. त्याचे साडेतीन टक्के म्हणजे २३ अक्षरं. म्हणजे ६५७ पैकी २३ पेक्षा जास्त जागी दोन माश्यांची अक्षरं वेगळी असतील, तर त्या वेगळ्या प्रजातींच्या असाव्यात, असा हा नियम. लक्षात घ्या, तो आकडा नमुन्यांच्या ढिगातून निघालेला आहे. निसर्गाने आखलेली ती सीमा नव्हे. नमुने वाढले तशी ती रिकामी जागा काही ठिकाणी भरत गेली, आणि नंतर काहींनी चार टक्के सुचवले. तुमचे क्रम नऊ-दहा टक्क्यांनी वेगळे असतील तर वादाला जागा नाही. ३.४ आणि ३.६ यांच्यात अडकला असाल, तर त्या एका आकड्यावर प्रजाती उभी करू नका.

मग प्रजातीचा पुरावा कोणता? आपसात प्रजनन होतं का, हाच. आणि पांढरी माशी या प्रयोगासाठी फार सोयीची आहे. तिच्यात फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. कुमारी मादीही अंडी घालते, फक्त तिची सगळी संतती नर निघते. एशिया १ ची कुमारी मादी आणि एशिया २ चा नर पिंजऱ्यात एकत्र ठेवा. मुली झाल्या, तर शुक्राणूने काम केलं. नुसते नरच झाले, तर संयोग झाला असेल किंवा नसेल, फलन झालेलं नाही. कुमारी मादी मिळवण्यासाठी लाल डोळ्यांचे, म्हणजे माशी बाहेर पडायच्या बेतात असलेले कोष पानाच्या तुकड्यासकट सुटेसुटे ठेवायचे आणि एकेका नळीत माशी बाहेर येऊ द्यायची. घाई केलीत आणि मादी आधीच फलित असली, तर आलेल्या मुली तिच्याच प्रजातीच्या नराच्या असतील आणि तुम्ही त्याला संकर म्हणाल. सोबत दोन्ही बाजूंच्या सजातीय जोड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर मुली न होण्याचं कारण पिंजऱ्यातली उष्णता होती की प्रजातीतला फरक, हे सांगता येणार नाही. मुली झाल्याच तर त्यांनाही वाढवून त्यांची अंडी उबतात का, हे पाहायचं. नावाजलेल्या प्रयोगशाळांत असे संकर केले गेले, तेव्हा या समूहातल्या बऱ्याच जोड्यांतून मुली जवळपास आल्याच नाहीत. सीओआयने आखलेल्या रेषांना मुख्य आधार मिळाला तो इथून.

या प्रयोगांतून शेतात घडणारी एक गोष्टही उमगली. लिऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या निरीक्षणांवरून दाखवलं की मीॲम-१ स्थानिक माश्यांमध्ये शिरली की तिचे स्वतःचे संयोग वाढतात आणि मुलींचं प्रमाणही वाढतं. उलट तिच्या नरांच्या लुडबुडीमुळे स्थानिक माद्यांचे संयोग चुकतात आणि त्यांना मुली कमी होतात. स्थानिक माशी हळूहळू नाहीशी होते. प्रजाती वेगळी असणं म्हणजे काय, हे मला यापेक्षा स्पष्ट दुसऱ्या कुठल्या उदाहरणात दिसलेलं नाही.

आता तुमच्या क्रमांकडे येतो, कारण चुका इथेच शिरतात. पहिली गोष्ट, सीओआयचा कोणता भाग वाचलाय ते पाहा. कीटकांच्या डीएनए बारकोडिंगसाठी, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवण्यासाठी, सर्वसाधारणपणे फोल्मर यांचे प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) वापरतात. त्यातून जनुकाच्या सुरुवातीच्या बाजूचा ६५८ अक्षरांचा तुकडा मिळतो. पांढऱ्या माशीचं बहुतेक जुनं काम मात्र सी१-जे-२१९५ आणि एल२-एन-३०१४ या प्रायमरवर झालंय, आणि तो तुकडा जनुकाच्या दुसऱ्या टोकाचा आहे. प्रायमरच्या नावातले आकडे ड्रोसोफिलाच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरची जागा दाखवतात. फोल्मरचा उलट बाजूचा प्रायमर एचसीओ-२१९८ आहे. म्हणजे एक तुकडा जिथे संपतो, जवळजवळ तिथूनच दुसरा सुरू होतो. दोन्ही सीओआयच, पण एकमेकांशी तुलना शून्य. तुमचे काही नमुने एका प्रायमरने आणि काही दुसऱ्याने केले असतील, तर ते एका झाडात, म्हणजे वंशवृक्षात बसवूच नका.

दुसरी गोष्ट फार थोडे विद्यार्थी करतात, आणि ती पाच मिनिटांत होते. क्रमाचं प्रथिनात भाषांतर करून पाहा. सीओआय हे प्रथिन बनवणारं जनुक आहे, त्यामुळे मध्येच ‘थांबा’ सांगणारी तीन अक्षरांची त्रयी यायला नको आणि एक-दोन अक्षरं गळालेली किंवा जास्तीची असायला नकोत. भाषांतर करताना सॉफ्टवेअरमध्ये ‘अपृष्ठवंशीयांचा मायटोकॉन्ड्रियल संकेत’ निवडा. त्यात टीजीए ही त्रयी ट्रिप्टोफॅनसाठी असते. नेहमीचा संकेत लावलात तर तीच ‘थांबा’ म्हणून वाचली जाईल आणि चांगला क्रम तुम्ही फेकून द्याल. योग्य संकेत लावूनही मध्ये ‘थांबा’ दिसला, तर तुम्ही बहुधा खरं जनुक वाचलेलंच नाही. मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचे तुकडे कधीकाळी केंद्रकात जाऊन बसतात. तिथे त्यांना काही काम नसल्याने त्यांच्यात बदल साचत जातात. प्रायमर अशा निकामी प्रतीला चिकटला की तुम्हाला नव्या प्रजातीसारखा वाटणारा क्रम मिळतो. हे काल्पनिक नाही. ‘मीॲम-२’ नावाची एक प्रजाती साहित्यात वावरत होती. २०१७ मध्ये टे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती मीॲम-१ च्याच केंद्रकातली अशी निकामी प्रत होती.

तिसरं, डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात शोध घेतला की पहिल्या ओळीत जे नाव येतं ते उचलू नका. तिथे क्रम टाकणाऱ्याने लिहिलेलं नाव तसंच राहतं आणि त्यातले कितीतरी चुकलेले असतात. तपासून घेतलेला संदर्भसंच वापरा आणि त्यात तुमचे क्रम मिसळून वंशवृक्ष काढा. तुमची माशी कुठल्या फांदीवर बसते ते पाहा, जवळच्या एका नावावर जाऊ नका.

एवढं सगळं नीट केलं तरी मूळ मर्यादा उरतेच. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. आडनावावरून जशी माणसाची एकच वंशरेषा कळते आणि बाकीचे आजे-पणजे अंधारात राहतात, तसं हे आहे. दोन प्रजातींचा कधी संकर झाला असेल, तर आईकडचा मायटोकॉन्ड्रिया एका प्रजातीचा आणि केंद्रकातला बहुतेक डीएनए दुसरीचा, असंही होऊ शकतं. शिवाय व्होल्बाकियासारखे जिवाणू कीटकाच्या पेशींत राहतात आणि तेही आईकडूनच पुढच्या पिढीत जातात. असा जिवाणू एखाद्या कुळात पसरला की त्याच्यासोबत त्या कुळाचा मायटोकॉन्ड्रियाही पसरतो, प्रजातीशी त्याचा संबंध नसतानाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या मक्याच्या शेतात आहे. अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्गा भागात; त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली. अमेरिकेत या अळीचे दोन वाण आहेत, एक मक्यावरचा आणि एक भात-गवतावरचा. पतंग दिसायला सारखेच. त्यांना वेगळं करायला दोन जनुकीय खुणा वापरतात: मायटोकॉन्ड्रियातलं सीओआय आणि लिंगगुणसूत्रावरचं टीपीआय. अमेरिकेत दोन्ही खुणा बहुतेक वेळा एकच उत्तर देतात. आफ्रिका आणि भारतातल्या अळ्यांत मात्र बहुसंख्य नमुन्यांत सीओआय म्हणालं ‘भाताचा वाण’ आणि टीपीआय म्हणालं ‘मक्याचा’. ज्यांनी फक्त सीओआय पाहिलं त्यांनी भाताचा वाण आल्याचं लिहिलं, आणि भातपट्ट्यात काळजी पसरणं साहजिक होतं. शेतात काय झालं? अळीने मका खाल्ला, ज्वारीवर गेली, काही ठिकाणी उसावर दिसली. भातावर मक्यासारखा हल्ला झाला नाही. म्हणजे खाण्याच्या सवयीशी जुळलं ते टीपीआयचं उत्तर. इकडे आलेली अळी दोन्ही वाणांच्या जुन्या संकरातून आलेली असावी, हे त्यामागचं सर्वमान्य स्पष्टीकरण. तुमच्या प्रबंधात एक तरी केंद्रकीय जनुक घ्या, असं मी आग्रहाने सांगतो ते याच कारणाने. खर्च वाढतो, मान्य. नमुने थोडे कमी करा, पण दुसरं जनुक सोडू नका.

जनुकशास्त्र नेहमी प्रजाती फोडतंच, असाही समज नको. फळमाशीत उलटं घडलं. २००३ मध्ये केनियात आंब्यावर एक फळमाशी सापडली, २००५ मध्ये तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हॅडेन्स असं नवीन नाव मिळालं. आग्नेय आशियात पपाये आणि फिलिपिनेन्सिस अशा आणखी दोन जवळच्या प्रजाती मानल्या जात होत्या. निर्यातीच्या नियमांत ही वेगळी नावं म्हणजे वेगळे निर्बंध. अनेक देशांच्या संशोधकांनी काही वर्षं शरीररचना, डीएनए, संयोग, नरांचे गंध असं सगळं एकत्र तपासलं आणि २०१५ मध्ये या तिन्ही नावांना बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसमध्ये विलीन केलं. हीच डॉर्सालिस आपल्या कोकणातल्या हापूसवर अंडी घालते. त्याच तपासणीत बॅक्ट्रोसेरा कॅराम्बोले मात्र वेगळीच ठरली. एकाच पुराव्यावर फोडू नका आणि एकाच पुराव्यावर जोडूही नका, हे त्या कामातून शिकण्यासारखं आहे.

नमुने पुन्हा गोळा करणार असाल तर काही गोष्टी पाळा. कोष घेण्यापेक्षा प्रौढ माश्या घ्या. कोषात एन्कार्सिया किंवा एरेटमोसेरस या परजीवी गांधीलमाशीची अळी असू शकते, आणि मग तुम्ही तिचाच डीएनए वाचाल. एका झाडावरून एक-दोनच माश्या घ्या आणि दूरदूरच्या झाडांवरून घ्या, म्हणजे एकाच आईच्या मुली पुन्हा पुन्हा मोजल्या जाणार नाहीत. माशी थेट ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये टाका. फॉर्मालिन अजिबात नको, त्यात डीएनए जखडून जातो. सॅनिटायझर किंवा दुकानातलं पातळ स्पिरिटही नको, त्यातल्या पाण्यामुळे डीएनए हळूहळू तुटतो. अल्कोहोल सांडलं की नळीवर पेनने लिहिलेलं पुसलं जातं. पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी नळीच्या आत टाका. एका नळीतून एकच माशी काढून तिचाच डीएनए वेगळा करा. दहा माश्या एकत्र वाटल्या आणि त्यांत दोन प्रजाती असल्या, तर सिक्वेन्सिंगच्या आलेखात शिखरावर शिखर चढतं आणि काहीच वाचता येत नाही. आणि प्रत्येक खेपेला माशीविना एक कोरी नळी सोबत चालवा. त्या नळीतूनही डीएनएची पट्टी दिसली तर कुठून तरी बाहेरचा डीएनए मिसळलाय, त्या दिवसाचं सगळं काम बाद समजा.

शेतकऱ्याला उपयोग काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. विषाणूपासून सुरुवात करतो. सगळ्या प्रजाती सगळे विषाणू सारख्याच क्षमतेने पसरवत नाहीत. उत्तर भारतात कपाशीवर पानं गुंडाळणारा जो लीफ कर्ल रोग आहे, त्याचा विषाणू एशिया २-१ (एशिया २ गटातली पहिली) ही प्रजाती सहज पसरवते. प्रयोगांत मीॲम-१ आणि मेड यांना ते नीट जमलं नाही. टोमॅटोच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. १९९९ मध्ये कर्नाटकात कोलार भागात टोमॅटोवर मीॲम-१ भारतात पहिल्यांदा सापडली, ती टोमॅटोच्या पर्णगुच्छ विषाणूच्या मोठ्या साथीसोबतच. म्हणजे सापळ्यावर माश्या किती, या आकड्याइतकंच त्या कोण आहेत हेही रोगाचा अंदाज बांधायला लागतं. सोयाबीन आणि मुगाचा पिवळा मोझॅक, भेंडीचा हळद्या, हे सगळे याच समूहाच्या माशीने पसरणारे रोग. आपल्या भागात त्यांतला कुठला विषाणू कुठली प्रजाती जास्त पसरवते, यावर करण्यासारखं भरपूर काम आहे.

कीटकनाशकांच्या बाबतीतही तेच. चीनमध्ये मेड ही प्रजाती २००३ मध्ये पहिल्यांदा सापडली आणि काही वर्षांतच तिने बऱ्याच प्रांतांत मीॲम-१ ला मागे टाकलं. निओनिकोटिनॉइड गटातल्या औषधांना ती जास्त दाद देत नाही, आणि जिथे ही औषधं सतत मारली गेली तिथे मैदान तिच्या हाती गेलं. अमेरिकेत ॲरिझोनात २००४ च्या अखेरीस विक्रीच्या पॉइन्सेटियावर मेड सापडली, तेव्हा ती पायरीप्रॉक्सीफेन या कीटकनाशकाला कमालीची प्रतिकारक निघाली. दिसायला नेहमीचीच माशी; डीएनए तपासला नसता तर ‘औषध भेसळीचं होतं’ म्हणून विषय संपला असता.

इथे एक गैरसमज मात्र वाढू देऊ नका. प्रजाती कळली म्हणजे प्रतिकारशक्ती कळली, असं नाही. एकाच प्रजातीच्या दोन शेतांतल्या माश्या एकाच औषधाला अगदी वेगळा प्रतिसाद देऊ शकतात, कारण तिथे आधी काय काय फवारलं गेलं ते वेगळं असतं. प्रतिकार मोजायचा तर पानाचा तुकडा औषधात बुडवून, त्यावर माश्या सोडून मरतुक मोजण्याची चाचणी वेगळी करावी लागते. दोन्ही केलंत आणि निकाल शेजारी ठेवलेत, तर प्रबंधाचं मोल कितीतरी वाढेल. आणि २०१५ मध्ये पंजाबात पांढऱ्या माशीने कपाशीची जी धूळधाण केली, तिथे परदेशातून आलेली नवी माशी शोधण्याची गरज नव्हती. उत्तरेतल्या कपाशीवर मुख्यतः एशिया २-१ हीच जुनी रहिवासी आढळते. अशा वेळी उशिराची पेरणी, हवामान, नको ती औषधं नको त्या वेळी मारणं, ही कारणं आधी तपासावी लागतात. डीएनएचा हाही एक उपयोग आहे: जिथे नवी प्रजाती नाही, तिथे ‘नाही’ असं ठामपणे सांगता येतं.

म्हणून प्रत्येक शेतकऱ्याने माशीचा डीएनए तपासून घ्यावा असं मी कधीच सांगणार नाही. शेतावर निर्णय घ्यायला पिवळे चिकट सापळे, पानामागे पाहून केलेली मोजणी, सिंथेटिक पायरेथ्रॉइड टाळणं, एकच गट लागोपाठ न फवारणं एवढं पुरतं. डीएनए तपासावा तो विद्यापीठाने, कृषी विज्ञान केंद्राने, संशोधन संस्थेने, जिल्ह्याच्या पातळीवर, दर हंगामात ठरलेल्या गावांतून. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि बेंगळुरूचं राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही या कामाची जाणती ठिकाणं आहेत. ओळखीबद्दल शंका असेल तर सरांच्या मार्फत तिथे लिहा.

नावाच्या वादाबद्दल सरांशी बोलताना एक गोष्ट सांगा, त्यांनाही आवडेल. मूळ बेमिसिया टॅबासीचं वर्णन गेनाडियस यांनी १८८९ मध्ये ग्रीसमधल्या तंबाखूवरच्या माशीवरून केलं होतं. तो नमुना संग्रहालयात जपलेला होता. २०१२ मध्ये टे आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या नमुन्यातून डीएनए काढून वाचला आणि तो मेड प्रजातीशी जुळला. नियमाने पाहिलं तर ‘बेमिसिया टॅबासी’ हे नाव मेडचं ठरतं. तुमची एशिया १ आणि एशिया २ यांना उद्या स्वतःची नावं मिळतील, तेव्हा आज नुसतं ‘बेमिसिया टॅबासी’ लिहून ठेवलेल्या प्रबंधांतल्या माश्या नेमक्या कोणत्या होत्या हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून पूर्ण गटनाव लिहा, गाव, पीक आणि तारीख लिहा, क्रम सार्वजनिक संग्रहात जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक द्या, आणि प्रत्येक जागेवरच्या काही माश्या अल्कोहोलमध्ये, शक्य असेल तर उणे २० अंशांवर, विभागात ठेवून जा.

पुढचं पाऊल विचाराल तर: वांग्याच्या रोपांवर एकेका मादीपासून दोन्ही प्रकारांचे वेगळे वंश वाढवा, दर दोन-तीन पिढ्यांनी त्यांचा सीओआय तपासून ते शुद्ध आहेत याची खात्री करा, आणि मग दोन्ही बाजूंनी संकर लावा. म्हणजे एशिया १ ची मादी व एशिया २ चा नर, तसंच उलटही, कारण एका दिशेने मुली होतात आणि दुसऱ्या दिशेने होत नाहीत असंही घडतं. वंश शुद्ध ठेवणं हेच यातलं सगळ्यात कष्टाचं काम आहे. पिंजऱ्याची जाळी बारीक घ्या आणि एका वेळी एकाच वंशाच्या खोलीत काम करा.